चार अँटेनांच्या रांगेचे कॅलिब्रेशन: टेबलापासून गच्चीपर्यंत

चार अँटेना एका सरळ पट्टीवर समान अंतराने बसवले, त्यांच्या केबली चार चॅनेलांच्या एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रेडिओ) रिसीव्हरला जोडल्या आणि संगणकावर दिशाशोधनाचा, म्हणजे सिग्नल कुठल्या कोनातून येतो ते सांगणारा, प्रोग्राम सुरू केला, की पडद्यावर कुठला ना कुठला कोन उमटतोच. तो कोन खरा आहे याची हमी मात्र त्या पडद्यावर कुठेही नसते. पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी हे काम विद्यार्थ्यांकडून करून घेतो. आकृती सुबक आली म्हणजे रांग जुळली असे मानून पुढे गेलेले गट मी दरवर्षी पाहतो, आणि म्हणूनच रांगेचे कॅलिब्रेशन (पाठ्यपुस्तकांच्या भाषेत अंशांकन), म्हणजे चारही चॅनेलांमधले फरक मोजून त्यांची दुरुस्ती, कसे करावे आणि ते खरोखर झाले आहे हे कसे तपासावे, याची सगळी रीत येथे क्रमाने मांडत आहे.

उदाहरणासाठी मी ८६६ मेगाहर्ट्झ ही वारंवारता घेतो, कारण ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतात ठरवून दिलेल्या शक्तिमर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो. पुण्यात छावणीचा परिसर, लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि संरक्षण खात्याच्या अनेक संस्था आहेत, त्यामुळे चाचणीसाठी प्रक्षेपण करताना परवानामुक्त पट्ट्याबाहेर एक पाऊलही टाकू नये आणि आपल्या कामाला १० मिलिवॅट पुरतात हे लक्षात ठेवावे. या वारंवारतेला तरंगलांबी ३४.६ सेंटीमीटर येते, म्हणून शेजारच्या दोन अँटेनांमधील अंतर तिच्या निम्मे, म्हणजे १७.३ सेंटीमीटर ठेवायचे. चार अँटेनांची रांग या हिशेबाने सुमारे ५२ सेंटीमीटर लांब होते.

किती अचूकता लागते हे आधी समजून घेतले, की पुढचा खटाटोप कशासाठी आहे ते कळते. दिशा काढली जाते ती शेजारच्या अँटेनांवरच्या तरंगाच्या फेजमधील फरकावरून; फेज म्हणजे तरंग आपल्या फेरीत कुठल्या टप्प्यावर आहे ते, आणि पूर्ण फेरीचे ३६० अंश धरतात. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर बसवलेल्या रांगेत प्रत्येक शेजारच्या जोडीत फेजची १० अंशांची चूक एकाच बाजूला साचत गेली, तर समोरच्या स्रोताची दिशा सुमारे ३.२ अंशांनी चुकते. स्रोत ६० अंश बाजूला असेल तर तीच चूक जवळजवळ दुप्पट होते. हे १० अंश म्हणजे फार मोठी गोष्ट नव्हे. आरजी-३१६ या टेफ्लॉनच्या बारीक केबलमध्ये तरंग हवेतल्या वेगाच्या सुमारे ७० टक्के वेगाने धावतो, त्यामुळे ८६६ मेगाहर्ट्झला त्याची केबलमधील लांबी २४ सेंटीमीटरच्या आसपास राहते आणि केबलचा एक सेंटीमीटर म्हणजे फेजचे १५ अंश होतात. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ‘एक मीटर’ म्हणून तयार मिळणाऱ्या चार केबली मोजपट्टीवर शेजारी शेजारी ठेवून पाहा. त्यांत सेंटीमीटरभराचा फरक सहज निघतो.

चुका कुठे दडलेल्या असतात

केबलींचा फरक हा सर्वांत सरळ भाग झाला. प्रत्येक चॅनेलच्या ॲम्प्लिफायरचा आणि फिल्टरचा स्वतःचा गेन (सिग्नल किती पटीने वाढतो ते) व स्वतःची फेज असते. चारही ट्यूनर २८.८ मेगाहर्ट्झच्या एकाच क्लॉकवर चालवले तरी प्रत्येकाचे पीएलएल (ट्यूनरची वारंवारता ठरवणारे मंडल) नव्याने लॉक होताना वेगळ्या फेजवर स्थिरावते, म्हणून वारंवारता बदलली किंवा रिसीव्हर बंद करून पुन्हा सुरू केला की जुनी फेज कामाची राहत नाही. चारही चॅनेलांची नमुने (सिग्नलची क्षणोक्षणीची मोजमापे) घेण्याची सुरुवात एकाच क्षणी होईल असेही नसते. सेकंदाला २४ लाख नमुने घेणाऱ्या रिसीव्हरमध्ये एका नमुन्याचा कालावधी ०.४१७ मायक्रोसेकंद असतो, आणि एवढा उशीर राहिला तर दोन मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेज ३०० अंशांनी फिरते. अशा वेळी एका आकड्याने दुरुस्ती करण्याचा प्रयत्न व्यर्थ ठरतो.

रिसीव्हरच्या बाहेर आणखी तीन गोष्टी आहेत. पट्टीवर अँटेना एक सेंटीमीटर पुढेमागे बसला तर १० अंशांपर्यंत चूक होते. शेजारचे अँटेना एकमेकांकडून ऊर्जा घेतात आणि देतात, त्यामुळे टोकाच्या अँटेनाचे वागणे मधल्यासारखे राहत नाही. शिवाय आसपासच्या भिंती, कठडे आणि पत्रे यांवरून परतलेला सिग्नल मूळ सिग्नलात मिसळतो.

या सर्व चुकांची दोन गटांत विभागणी केली, की काम आवाक्यात येते. कनेक्टरच्या आत, म्हणजे रिसीव्हरमध्ये होणाऱ्या चुका वारंवार बदलतात, पण टेबलावर बसून मोजता येतात. कनेक्टरच्या बाहेरच्या, म्हणजे केबली, अँटेना आणि सांगाडा यांच्या चुका सावकाश बदलतात, पण त्या मोजायला मोकळी जागा लागते. त्यामुळे आतले कॅलिब्रेशन प्रत्येक वेळी करायचे आणि बाहेरचे एकदा नीट करून जपून ठेवायचे. दोन्हींची सरमिसळ केली तर प्रत्येक वेळी रिसीव्हर सुरू केल्यावर गच्चीवर जावे लागेल.

मोजणीपूर्वीची तयारी

ऑटोमॅटिक गेन कंट्रोल सर्वप्रथम बंद करावा. गेन बदलला की त्या चॅनेलची फेजही बदलते, म्हणून ज्या गेनवर पुढे काम करायचे आहे त्याच गेनवर मोजणी झाली पाहिजे, आणि दोन वेगळे गेन वापरायचे असतील तर दोन वेगळी कॅलिब्रेशने लागतील. रिसीव्हर अर्धा तास चालू ठेवून तापू द्यावा. केबलींना दोन्ही टोकांना क्रमांकाच्या पट्ट्या चिकटवाव्यात आणि एकदा ठरलेली केबल त्याच अँटेनाला, त्याच चॅनेलला कायम जोडलेली ठेवावी.

पितळी एसएमए कनेक्टर ०.५६ न्यूटन-मीटरच्या टॉर्क पान्याने कसावेत. बोटांनी कसलेला कनेक्टर घट्ट वाटतो, पण केबलला हात लागताच फेज हलते. हे पाहायचे असेल तर व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझरच्या (केबलमधून जाणाऱ्या सिग्नलची फेज दाखवणाऱ्या उपकरणाच्या) पडद्यावर फेज लावून ठेवावी, कनेक्टर मुद्दाम पाव फेरा सैल करावा आणि केबल हळूच डावीकडून उजवीकडे वाकवावी. पडद्यावरची रेघ वर-खाली डोलू लागते आणि पाना लावताच जागच्या जागी थांबते. हा प्रयोग एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुढे पाना विसरत नाही. नॅनोव्हीएनए या छोट्या ॲनालायझरवरही तो स्पष्ट दिसतो.

शेवटी, प्रक्षेपक बंद ठेवून पट्टा ऐकावा. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी टॅग ओळखण्याचे तंत्र चालते. फास्टॅगही त्याच तंत्रावर आहे, आणि मोठ्या सोसायट्यांच्या फाटकांवर गाड्या ओळखणारे रीडर याच पट्ट्यात बोलत असतात. महाविद्यालयाशेजारी असे फाटक असेल तर त्याच्या खुणा स्पेक्ट्रमवर ठरावीक ठिकाणी दिसतात, तेव्हा आपली वारंवारता त्यांपासून दूर निवडावी.

टेबलावरचे काम

आतल्या कॅलिब्रेशनसाठी एक नॉइज स्रोत आणि चार वाटांचा स्प्लिटर लागतो. नॉइज वापरण्याचे कारण असे, की तो पूर्ण पट्ट्यात पसरलेला असतो आणि कुठल्याही क्षणी स्वतःसारखा पुन्हा होत नाही, त्यामुळे वेळेचा फरक आणि फेजचा फरक हे दोन्ही त्यातून वेगवेगळे काढता येतात. साध्या एका वारंवारतेच्या सुरातून फेज मिळते, पण नमुन्यांचा उशीर कळत नाही.

स्प्लिटरची चार तोंडे चार चॅनेलांना जोडून एकाच वेळी नमुने नोंदवावेत. पहिल्या चॅनेलशी इतर प्रत्येक चॅनेलचा क्रॉस-कोरिलेशन (दोन सिग्नल एकमेकांवर सरकवत ते किती जुळतात याची मोजणी) काढला की एका ठिकाणी तीक्ष्ण शिखर दिसते. ते शिखर शून्यापासून जितके नमुने सरकलेले असेल तितके नमुने ते चॅनेल मागे किंवा पुढे सरकवावे. हे सरकवणे झाल्यावरच फेजकडे वळावे. त्यासाठी त्या चॅनेलच्या प्रत्येक नमुन्याला पहिल्या चॅनेलच्या नमुन्याच्या संयुग्मीने (कोनाचे चिन्ह उलटलेल्या संख्येने) गुणून सरासरी घ्यावी आणि तिला पहिल्या चॅनेलच्या सरासरी शक्तीने भागावे. हाती येणाऱ्या संमिश्र संख्येची लांबी म्हणजे गेनचे गुणोत्तर आणि तिचा कोन म्हणजे फेजचा फरक. कोहेरन्सचा (दोन चॅनेलांतील साम्याचा, शून्य ते एक) वर्ग ०.५ इतका बेताचा असला तरी दहा हजार नमुन्यांच्या सरासरीत फेजची अनिश्चितता सुमारे ०.४ अंश उरते, म्हणजे काही मिलिसेकंदांची नोंद पुरते. तरीही मी पट्टा आठ-दहा तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्यातील फेज वेगळी पाहतो. सर्व तुकड्यांत ती सारखी आली तर उशीर नीट काढला गेला असे समजावे, आणि ती तिरप्या रेषेत सरकत असेल तर नमुन्याच्या अपूर्णांकाइतका उशीर अजून शिल्लक आहे.

येथे एक प्रश्न उरतो: स्प्लिटरची चार तोंडे तरी सारखी आहेत कशावरून? त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय अदलाबदलीचा आहे. पहिल्या चॅनेलला जोडलेली स्प्लिटरची वाट केबलसह दुसऱ्याला लावावी, दुसऱ्याची पहिल्याला लावावी आणि पुन्हा मोजावे. रिसीव्हरचा फरक दोन्ही मोजण्यांत तसाच राहतो, तर स्प्लिटरच्या फरकाचे चिन्ह उलटते. म्हणून दोन्ही फेजांची सरासरी म्हणजे रिसीव्हरचा फरक आणि त्यांच्या वजाबाकीचे निम्मे म्हणजे स्प्लिटरचा फरक. मात्र अंशांची साधी सरासरी घेऊ नये. एक मोजणी १७० आणि दुसरी उणे १७० आली तर साधी सरासरी शून्य येते, जेव्हा खरे उत्तर १८० असते. एकक लांबीच्या संमिश्र संख्यांची बेरीज करून तिचा कोन घेतला की हा घोटाळा टळतो. स्प्लिटरच्या वाटांचा फरक एकदा असा मोजून ठेवला की तो कायमचा वजा करता येतो.

रोजच्या वापरात केबली काढून स्प्लिटर जोडत बसणे शक्य नसते, म्हणून प्रत्येक चॅनेलच्या तोंडाशी स्विच बसवून नॉइज आत सोडण्याची सोय करावी. स्विचच्या बंद वाटेतून अँटेनाचा सिग्नल थोडा झिरपतोच. तो नॉइजपेक्षा २० डेसिबल खाली असला तरी फेजमध्ये ५.७ अंशांपर्यंत चूक करू शकतो, त्यामुळे झिरप ४० डेसिबलपेक्षा खाली असलेला स्विच निवडावा आणि कॅलिब्रेशनच्या क्षणी जवळचा प्रक्षेपक बंद ठेवावा.

गच्चीवरचे काम

बाहेरच्या कॅलिब्रेशनसाठी ठाऊक जागी ठेवलेला एक स्रोत लागतो, आणि येथे जागेची निवड बाकी सगळ्यापेक्षा जास्त महत्त्वाची ठरते. पुण्यातल्या बहुतेक गच्च्यांवर लोखंडी कठडा, पाण्याच्या टाक्या, सोलर हीटर आणि पावसासाठी घातलेले पत्रे असतात. शक्य असेल तर महाविद्यालयाचे मोकळे मैदान घ्यावे, आणि गच्चीच घ्यावी लागली तर रांग व स्रोत यांना जोडणारी रेषा गच्चीच्या लांब बाजूला समांतर व मध्यातून जाईल असे पाहावे. जमिनीवरून परतणाऱ्या सिग्नलची भीती बहुतेकांना वाटते, पण आडव्या रांगेसाठी बाजूची भिंत त्याहून अधिक घातक असते. स्रोत अगदी समोर असताना जमिनीवरून आलेला तरंग खालून येतो, पण त्याचीही आडवी दिशा समोरचीच असते, म्हणून तो चारही अँटेनांपर्यंत जवळजवळ एकाच फेजने पोहोचतो आणि चॅनेलांमधील गुणोत्तर बिघडवत नाही. बाजूच्या भिंतीवरून आलेला तरंग प्रत्येक अँटेनावर वेगळ्या फेजने येतो आणि ती चूक दुरुस्तीच्या आकड्यांत कायमची शिरते. मुख्य कॅलिब्रेशन समोरच्या दिशेनेच करावे, असे मी आग्रहाने सांगतो, त्यामागचे कारण हेच आहे.

दुसरा प्रश्न अंतराचा. दूरक्षेत्राचा, म्हणजे स्रोत कमीत कमी किती दूर हवा याचा, पुस्तकी नियम वापरला, म्हणजे रांगेच्या लांबीच्या वर्गाची दुप्पट करून तिला तरंगलांबीने भागले, तर येथे जेमतेम १.६ मीटर येतात. पण त्या नियमात टोकाच्या अँटेनाला २२.५ अंशांची फेजची चूक चालेल असे गृहीत धरलेले असते. बीमचा (रांग कुठल्या दिशेला किती ऐकते त्या आलेखाचा) आकार पाहायला ती चालते, कॅलिब्रेशनला मुळीच चालत नाही. १० मीटर अंतरावर तीच चूक ३.५ अंशांवर येते. ती उरलेली चूकही ठेवू नये. स्रोतापासून प्रत्येक अँटेनापर्यंतचे नेमके अंतर काटकोन त्रिकोणाच्या हिशेबाने काढावे आणि त्यातून अपेक्षित फेज ठरवावी.

‘अगदी समोर’ ही जागा डोळ्यांनी ठरवू नये. स्टीलची टेप घेऊन पट्टीच्या दोन्ही टोकांपासून समान अंतरावर येणारा बिंदू शोधावा, तेथे खडूने फुली करावी आणि स्रोताच्या अँटेनाचा ओळंबा त्या फुलीवर सोडावा. नायलॉनची दोरी ताणली जाते, म्हणून ती नको. १० मीटरवर हा बिंदू १० सेंटीमीटर सरकला तर कोन ०.५७ अंशांनी चुकतो, शेजारच्या जोडीची फेज १.८ अंशांनी आणि टोकापासून टोकापर्यंत ५ अंशांहून थोडी जास्त. एवढ्यासाठी टेप दुसऱ्यांदा धरण्याचा आळस करू नये. रांग आणि स्रोत एकाच उंचीवर, दोन्हींचे अँटेना उभे, आणि मोजणी चालू असताना माणसे रांगेच्या मागे, हे बाकीचे नियम आहेत.

आता स्रोत सुरू करण्याआधी स्विचमधून नॉइज सोडून आतले कॅलिब्रेशन करावे, लगेच स्रोत सुरू करून टेबलावर केली तीच गुणाकार-सरासरीची मोजणी करावी, आणि शेवटी नॉइजची मोजणी पुन्हा एकदा करावी. आधीची व नंतरची नॉइजची मोजणी एका अंशाच्या आत जुळली नाही तर मधली मोजणी टाकून द्यावी. जुळली असेल तर स्रोताच्या गुणोत्तराला नॉइजच्या गुणोत्तराने भागावे. उरते ते केवळ बाहेरच्या भागाचे गुणोत्तर. अपेक्षित गुणोत्तराला या संख्येने भागले की बाहेरची दुरुस्ती मिळते. प्रत्यक्ष काम करताना चॅनेलच्या नमुन्यांना बाहेरची जतन केलेली दुरुस्ती आणि आतली त्या वेळी मोजलेली दुरुस्ती अशा दोन्हींनी गुणायचे.

फेजच्या चिन्हाबाबत प्रत्येक गटाची एकदा तरी फसगत होते. संयुग्मी कुठल्या चॅनेलचा घेतला आणि कोन कुठल्या बाजूला धन धरला, यांतले एक जरी उलटले तरी समोरचा स्रोत बरोबर दिसतो आणि बाजूचे सगळे आरशातल्यासारखे उलटतात. म्हणून कॅलिब्रेशन होताच एकाला स्रोत हातात घेऊन उजवीकडे चालायला सांगावे आणि पडद्यावरचा कोनही उजवीकडे सरकतो का ते पाहावे.

केबलींचा संबंध आला आहे म्हणून पुण्याच्या हिवाळ्याबद्दल येथेच सांगतो. टेफ्लॉनच्या रचनेत सुमारे १९ अंश सेल्सिअसला बदल होतो आणि त्या तापमानाच्या आसपास घन टेफ्लॉनच्या केबलची फेज एरवीपेक्षा फार वेगाने सरकते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा ११-१२ अंशांवर असतो आणि दुपारी तो २९-३० वर जातो, म्हणजे गच्चीवरच्या केबली रोज दोनदा हा टप्पा ओलांडतात. एका जानेवारीत आमच्या एका गटाने सकाळी साडेसातला उत्तम कॅलिब्रेशन केले आणि अकरा वाजता दिशा सरकलेली दिसली. “सर, रिसीव्हर बिघडलाय,” असे सांगत एक विद्यार्थिनी खाली आली. वर जाऊन पाहिले तर तीन केबली टाकीच्या सावलीत होत्या आणि चौथीचे वेटोळे उन्हात, तापलेल्या फरशीवर पडले होते. हात लावला तर ती कोमट लागत होती. मी दुसरे काहीच न करता ते वेटोळे उचलून सावलीत ठेवले आणि तिला पडदा पाहत राहायला सांगितले. दहा-बारा मिनिटांत कोन आपल्या जागी परत आला. चारही केबली सम लांबीच्या, एकत्र बांधलेल्या आणि एकाच सावलीत असल्या तर सगळ्या सारख्याच सरकतात आणि चॅनेलांमधील फरक फारसा बदलत नाही. तेव्हापासून आम्ही त्या एकाच पाइपमधून नेतो.

शेजाऱ्यांचा प्रभाव

समोरच्या एका स्रोताने केलेली दुरुस्ती मधल्या कोनांत चांगली चालते, पण ४५-५० अंशांपलीकडे बहुधा कमी पडते, कारण अँटेनांचा परस्पर प्रभाव दिशेनुसार वेगळा परिणाम दाखवतो. त्यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रांगेच्या दोन्ही टोकांना त्याच अंतरावर एकेक जादा अँटेना बसवून तो ५० ओहमच्या टर्मिनेटरने बंद करणे. त्यामुळे चारही खऱ्या अँटेनांना दोन्ही बाजूंना शेजारी मिळतो आणि त्यांचे वागणे बऱ्याच अंशी सारखे होते. माझ्या मते गणिताकडे वळण्याआधी हे दोन अँटेना बसवावेतच.

त्यानंतरही अचूकता हवी असेल तर उणे ६० ते अधिक ६० अंशांपर्यंत दर १५ अंशांनी, अशा नऊ दिशांची मोजणी घ्यावी. स्रोत फिरवण्यापेक्षा रांग फिरत्या टेबलावर ठेवून फिरवावी, टेबलाचा आस रांगेच्या मध्यातून जाऊ द्यावा आणि रिसीव्हरही त्याच टेबलावर ठेवावा, म्हणजे केबली वाकत नाहीत. चार अँटेनांच्या प्रभावाच्या चौकटीत (मॅट्रिक्समध्ये) १६ संमिश्र संख्या असतात, त्यांतली एक सामाईक गुणक म्हणून सोडली तर १५ अज्ञात उरतात. नऊ दिशांच्या ३६ मोजण्यांतून प्रत्येक दिशेचा एकेक अज्ञात गुणक वजा केला तरी २७ समीकरणे हाती राहतात, त्यामुळे लघुतम वर्ग पद्धतीने उत्तर नीट निघते.

तपासणी शिखरावर करू नये

आता या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. रांग जुळली का हे पाहण्यासाठी विद्यार्थी बीमचे शिखर पाहतात, आणि शिखर जवळजवळ नेहमीच चांगले दिसते. चार चॅनेलांत सरासरी ५ अंश फेजची आणि अर्ध्या डेसिबलची गेनची चूक असली, तरी शिखराची घट डेसिबलच्या काही शतांश भागांइतकीच असते. डोळ्यांना ती दिसणे शक्य नाही. खरी परीक्षा शून्याच्या जागी होते. स्रोताच्या दिशेने रांगेचा प्रतिसाद शून्य व्हावा अशी वजने (प्रत्येक चॅनेलला लावायचे गुणक) काढून ती लावावीत आणि शिखराच्या तुलनेत सिग्नल किती डेसिबल खाली जातो ते पाहावे. चुकांच्या वर्गांची बेरीज करून तिला अँटेनांच्या संख्येने भागले की शून्याची सरासरी खोली मिळते. वरच्या चुकांसाठी ती उणे २५ ते २६ डेसिबल येते. उलट, ३० डेसिबलची खोली सातत्याने मिळत असेल, तर सगळी चूक फेजचीच आहे असे धरूनही ती साधारण साडेतीन अंशांच्या आसपास आहे असा निष्कर्ष निघतो.

ही तपासणी ज्या दिशेने कॅलिब्रेशन केले त्याच दिशेने करू नये. तेथे शून्य खोल येणारच, कारण आपण आकडेच तसे बसवले आहेत. २२ किंवा ३७ अंशांसारखी, आधी न मोजलेली दिशा घ्यावी, आणि जमल्यास स्रोत वेगळ्या अंतरावरही ठेवून पाहावा. एका दिशेला शून्य खोल आणि दुसऱ्या दिशेला उथळ आले तर दोष बहुधा परस्पर प्रभावाचा किंवा एखाद्या परावर्तनाचा असतो. सगळ्याच दिशांना सारखे उथळ आले तर प्रथम कनेक्टर आणि गेन तपासावेत.

ठाऊक स्रोत नसेल तेव्हा

पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही अनेक अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली आणि पुणे विद्यापीठाच्या आवारातील एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था ती चालवते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात आणि १६ तीन भुजांवर पसरलेल्या आहेत, टोकापासून टोकापर्यंतचे अंतर २५ किलोमीटरच्या आसपास जाते. तेथे खडूची फुली आणि टेप चालत नाही. म्हणून आकाशातील ठाऊक स्रोतांकडे दुर्बीण वळवली जाते: तीव्रतेसाठी ३सी४८, ३सी१४७ आणि ३सी२८६ यांसारखे, आणि फेजसाठी अभ्यासाच्या स्रोताजवळचा एखादा बिंदूसारखा स्रोत, ज्याकडे निरीक्षणादरम्यान पुन्हा पुन्हा परतावे लागते, कारण आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) मधल्या काळात फेज बदलत असते. गणित मात्र आपल्या गच्चीवरचेच आहे. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि अज्ञात फक्त ३०, त्यामुळे समीकरणे अज्ञातांपेक्षा कितीतरी जास्त असतात.

आपल्या चार अँटेनांच्या सहा जोड्या होतात. त्यांतल्या कुठल्याही तीन अँटेनांच्या जोड्यांची फेज फेरी पूर्ण होईल अशा क्रमाने बेरजेला घेतली, तर प्रत्येक अँटेनाची स्वतःची चूक एकदा अधिक आणि एकदा उणे येऊन नाहीशी होते. रॉजर जेनिसन यांनी १९५८ साली मांडलेली ही क्लोजर फेज रेडिओ खगोलशास्त्रात आजही रोज वापरली जाते. समोर एकच दूरचा स्रोत असेल तर ही बेरीज शून्य आली पाहिजे. ती आली नाही, तर दोष एकेका चॅनेलचा नसून दुसऱ्या प्रक्षेपकासारख्या वेगळ्याच कशाचा तरी आहे असे दुरुस्ती न करताही कळते. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी आणि तिसरी-चौथी या जोड्यांचे अंतर समान असल्याने त्यांनी एकच फेज दाखवली पाहिजे, या अटीवरूनही स्रोताची जागा ठाऊक नसताना चुका काढता येतात. मात्र या मार्गाने रांगेभर सरळ रेषेत वाढत जाणारी फेज कधीच कळत नाही, कारण ती चूक आणि स्रोताचे सरकणे रांगेला एकसारखेच दिसतात. बीमचा आकार सुधारायला ही रीत पुरते, खरी दिशा सांगायला एकदा तरी ठाऊक जागेवरचा स्रोत लागतोच.

प्रक्षेपणाच्या बाजूबद्दल थोडक्यात सांगतो. एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या मोबाइल मनोऱ्यांत हवेतला मार्ग दोन्ही दिशांना सारखाच असतो, पण पाठवणारी आणि घेणारी इलेक्ट्रॉनिक्स वेगळी असते. म्हणून घेताना मिळालेली दुरुस्ती पाठवताना जशीच्या तशी लावता येत नाही. एक अँटेना संदर्भ म्हणून धरून त्याने इतरांना आणि इतरांनी त्याला सिग्नल पाठवायचा आणि दोन्ही मोजण्यांचे गुणोत्तर वापरायचे, ही तेथली मूळ कल्पना.

नोंदवहीत दुरुस्तीच्या आकड्यांबरोबर तारीख, वेळ, तापमान, वारंवारता, प्रत्येक चॅनेलचा गेन, केबलींचे क्रमांक आणि तपासणीच्या दिशेला मिळालेली शून्याची खोली लिहावी. रिसीव्हर सुरू केल्यावर, वारंवारता किंवा गेन बदलल्यावर आणि सलग काम चालू असताना दर दहा मिनिटांनी आतले कॅलिब्रेशन नॉइजने करावे. केबल बदलली, अँटेना काढून पुन्हा बसवला किंवा सांगाडा दुसरीकडे हलवला, तर शून्याची खोली प्रथम मोजावी. ती नोंदवहीतल्या आकड्यापेक्षा तीन डेसिबलहून जास्त उथळ आली, की स्टीलची टेप आणि खडू घेऊन पुन्हा गच्चीवर जावे.